पत्रिकेवरच्या गणपतीचं नंतर काय करायचं?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

लेकीचं लग्न ठरलंय. हॉल झाला, आचारी झाला, आता पत्रिका. नेहमीसारखी निवडली होती: वर मधोमध सोनेरी गणपती, खाली 'श्री रेणुका प्रसन्न', एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड, कारण निम्मे पाव्हणे बैलहोंगलकडचे. नमुना घरी आणून आत्यांच्या हातात दिला. (सासूबाईंना मी आत्या म्हणते.) त्यांनी चष्मा लावला, गणपतीच्या उठावाच्या सोंडेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "किती छापणार?"

म्हटलं, आठशे.

"म्हणजे आठशे गणपती. लग्न झाल्यावर त्यांचं काय करायचं ते पाव्हण्यांनी बघायचं होय?"

मग आत जाऊन त्यांनी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आणला. तो डबा कपाटावर असतो हे मला माहीत होतं, आत काय आहे ते कधी बघितलं नव्हतं. उघडला तर काठोकाठ देव. आलेल्या प्रत्येक पत्रिकेवरचा गणपती कात्रीने कापून ठेवलेला. उदबत्तीच्या पुड्यावरचा बालाजी, कापराच्या डबीवरची लक्ष्मी, कॅलेंडरच्या पानावरचा दत्त, आषाढीला पेपरात आलेला विठोबा. कापायची त्यांची पद्धतही मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितली. कानापासून सुरुवात करायची, कात्री जागच्या जागी धरायची आणि कागद फिरवायचा, सोंडेच्या वळणाला थांबायचं, मोदकाच्या हाताला धक्का लावायचा नाही. उरलेला कागद रद्दीत. गणपती डब्यात.

हे कधीपासून, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं, एकदा त्या बसस्टँडवर उभ्या होत्या. गटाराच्या कडेला पत्रिका पडलेली, कुणीतरी तिच्यात भजी बांधून खाल्ली होती. गणपतीच्या तोंडावर तेल, आणि येणारा-जाणारा त्याच्यावर पाय देऊन बस पकडतोय. त्यांनी वाकून ती उचलली, घरी आणली, पुसली. पुढे टाकवेना. तेव्हापासून डबा.

माझे दोन प्रश्न आहेत. डब्यातल्या देवांचं काय करावं? आणि पत्रिकेवर चित्र घालावं की नको? नवऱ्याचं म्हणणं, गणपतीशिवाय पत्रिका म्हणजे अशुभ, लोक नावं ठेवतील. मला मात्र आत्यांचा प्रश्न सोडवत नाही.

---

पिंपळपार

अक्का, तुमच्या आत्यांना माझा नमस्कार सांगा.

आमच्याकडे मार्कंडेय नदीच्या वाटेवर एक पिंपळ आहे. त्याच्या बुंध्याशी फुटक्या काचांच्या फ्रेमा, रंग उडालेले फोटो, हात मोडलेल्या मूर्ती, सगळं आणून ठेवतात. ठेवणारा हात जोडून निघून जातो, त्याच्या मनावरचं ओझं उतरतं. पुढं पावसात कागद फुगतो, काच तिथंच राहते, कुत्री बसतात. गेल्या दिवाळीआधी आम्ही चौघांनी ते सगळं साफ केलं. पोत्यात भरताना एक साईबाबांची फ्रेम हातात आली, मागे पेनानं लिहिलेलं: घरभरणी, आणि तारीख. कुणीतरी केवढ्या हौसेनं भेट दिली असेल. काच माझ्या बोटात घुसली, पण त्याहून ते अक्षर बघून वाईट वाटलं.

पिंपळाखाली ठेवणं म्हणजे विसर्जन नव्हे, एवढंच मी सांगू शकतो. डब्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

---

छापखाना_बेळगाव

ताई, तीस वर्षं पत्रिका छापतोय, म्हणून आतली गोष्ट सांगतो.

गणपती आम्ही छापत नाही. कार्ड तयार येतं, बरंचसं शिवकाशीहून. चित्र, उठाव, सोनेरी फॉइल सगळं त्यावर आधीच असतं. आम्ही फक्त मजकूर चढवतो. त्यामुळे गिऱ्हाईक म्हणालं, 'देव नको', तर दाखवायला माझ्याकडे शंभरात चार-पाच नमुने निघतात, तेही वाढदिवसाचे वाटणारे. लोकांना देव हवाच असतो असं नाही, देवाशिवायचं कार्ड त्यांच्यासमोर येतच नाही.

दुसरं, तो कागद. वरती प्लास्टिकचं पातळ आवरण असतं, त्यामुळे तो पाण्यात विरघळत नाही. फॉइल तर नाहीच नाही. तुमच्या आत्यांनी डबा नदीत सोडला तर मलप्रभेतून ते गणपती तसेच वाहत जातील आणि कुठंतरी बंधाऱ्याच्या जाळीला अडकतील.

आणि आमच्या प्रेसमध्ये चुकीच्या प्रती निघतात त्याचं काय, हे कुणी विचारत नाही. नावात चूक, तारखेत चूक, शंभर-दीडशे कार्डं बाद. माझे वडील असताना त्या रद्दीवाल्याला देत नसत, मागच्या खोलीत ठेवत. खोली भरली. आता मी देतो, आणि देताना गठ्ठा पालथा घालून बांधतो, देव आतल्या बाजूला. बाकी माझ्याच्यानं काही होत नाही.

चित्राऐवजी साधं स्वस्तिक घाला, ते मी एका रंगात छापून देईन. फॉइल नाही, लॅमिनेशन नाही.

---

हिंडलगेकर

एवढा विचार करायचा म्हटलं तर उदबत्तीपण लावता येणार नाही. देव चराचरात आहे, तो कागदानं विटाळत नाही. पत्रिकेवर गणपती ही आपल्या बापजाद्यांची रीत आहे, ती मोडू नका. त्यापेक्षा जे मुद्दाम अपमान करतात त्यांना धरा. २०१६ मध्ये पायपुसण्यांवर आपल्या देवांची चित्रं विकायला ठेवली होती एका मोठ्या ऑनलाइन दुकानात, तेव्हा देशभर ओरड झाली म्हणून ती काढली. असल्या लोकांवर केसेस टाकायला पाहिजेत.

---

चिकोडीचा_मास्तर

हिंडलगेकर, पायपुसण्याचा राग मलाही आला होता. पण ज्यानं ते विकायला ठेवलं तो परका, त्याला गणपती म्हणजे एक नक्षी. बसस्टँडवर भजी गुंडाळलेली ती पत्रिका आपल्यातल्याच कुणाच्या तरी लग्नाची होती. पाय दोन्हीकडे पडतोच.

आणि 'बापजाद्यांची रीत' म्हणताना जरा मागं जाऊन बघूया. आमच्या देवघरात आजोबांच्या वेळी एकही फोटो नव्हता. टाक होते. खंडोबाचा, यल्लम्माचा, ज्योतिबाचा, चांदीच्या पत्र्यावर ठोकलेले. झिजले की सोनाराकडे नेऊन नवे करायचे, घर वेगळं झालं की वाटून घ्यायचे. छापील देव नंतर आला. राजा रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रं घरोघर पोचली. म्हणजे जी रीत आपण अनादि समजतो तिला सव्वाशे-दीडशे वर्षं झालीत.

---

परडीवाली

मास्तर, त्या छापील देवाबद्दल मला बोलायचंय, कारण तो आमच्या घरी कसा आला ते वेगळं आहे.

माझ्या आज्जीला गावच्या देवळात जाता येत नव्हतं. पायरीपर्यंत. नारळ पुजाऱ्याच्या माणसाकडे द्यायचा, तो आत जाऊन फोडायचा आणि अर्धा नारळ वरून हातात टाकायचा. टाक घडवायला चांदी नव्हती. सौंदत्तीच्या जत्रेतून तिनं यल्लम्माचं छापील चित्र आणलं, कुडाच्या भिंतीला भाकरीच्या पिठाच्या खळीनं चिकटवलं. त्या चित्राला कुणी 'लांब हो' म्हणालं नाही. तिनं त्याला हळद लावली, हात लावला, कपाळ टेकवलं. देवळातल्या देवीला ती आयुष्यात शिवली नाही, ह्या देवीला रोज शिवायची.

ते चित्र अजून आमच्याकडे आहे. हळदीनं इतकं पिवळं झालंय की चेहरा दिसत नाही, नुसते डोळे दिसतात. म्हणून 'देवाचं चित्र छापूच नये' असं कुणी म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो. छापलेल्या कागदानंच आम्हाला देव हातात दिला. छापा. पण एक घ्या आणि ते सांभाळा. आठशे कशाला?

---

मलप्रभाकाठ

परडीवाली, तुमचं लिहिलेलं आत्यांना दोनदा वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, डोळ्याला पदर लावला. मग म्हणाल्या, "तिला विचार, त्या भिंतीचं काय झालं?"

---

परडीवाली

घर पाडलं तेव्हा भावानं ते चित्र मातीच्या पोपड्यासकट भिंतीतून काढलं. आता काचेत आहे, मागं तो पोपडा तसाच. तुमच्या आत्यांना सांगा.

---

सूप_आणि_कात्री (निपाणी)

मी बावीस वर्षं विड्या वळल्यात. मांडीवर सूप, त्यात पानं, तंबाखू, कात्री, दोरा. आमच्याकडे विड्यांच्या कितीतरी लेबलांवर देवाचं नाव नाहीतर चित्र असायचं. दिवसभर त्याच्यावरच पोट, म्हणून आम्ही कुणी बोलायचो नाही. पण आमच्यातली एक म्हातारी बाई कारखान्यात बसल्यावर आधी लेबलाला हात लावून कपाळाला लावायची, मग कामाला लागायची. तिला मी विचारलं होतं, मावशी, विडी ओढून लोक ह्याच्यावर थुंकतात, तुम्ही नमस्कार काय करता? ती म्हणाली, ते थुंकतात ते त्यांच्याकडे, माझ्या हातात आहे तोवर तो देव.

मी एवढंच सांगते. तुमच्या हातात आहे तोवर नीट ठेवा.

---

वकील_अथणी

वर केसेसचा उल्लेख आला म्हणून कायद्याची बाजू मांडतो.

धार्मिक भावना दुखावण्याचं कलम २९५अ दंड संहितेत १९२७ मध्ये आलं. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ नं घेतली. शब्द महत्त्वाचे आहेत: हेतुपुरस्सर आणि दुष्ट इराद्यानं केलेला अपमान. निष्काळजीपणा त्यात बसत नाही. महेंद्रसिंग धोनीचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. २०१३ मध्ये एका इंग्रजी मासिकाच्या मुखपृष्ठावर त्याला विष्णूच्या रूपात दाखवलं, हातांमध्ये वेगवेगळ्या वस्तू, त्यात बूटही. तक्रार झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१७ मध्ये ते रद्द झालं, कारण अजाणतेपणी किंवा बेफिकिरीनं झालेली गोष्ट ह्या कलमाखाली येत नाही, असं न्यायालयानं स्पष्ट केलं.

व्यापाराचा कायदा वेगळा. ट्रेडमार्क कायदा १९९९ च्या कलम ९(२) प्रमाणे धार्मिक भावना दुखावतील असं चिन्ह नोंदवता येत नाही. आणि उदबत्तीसाठी 'रामायण' हा नुसता शब्द एका माणसाच्या मालकीचा होऊ शकत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये दिला. पण पुड्यावर देवाचं चित्र छापायला बंदी आहे का? नाही. भिंतींवर कुणी थुंकू नये, लघवी करू नये म्हणून देवांची चित्रं लावतात, ती बंद करा अशी याचिका दिल्ली उच्च न्यायालयात गेली होती, तीही २०२२ मध्ये फेटाळली गेली.

वकील म्हणून सांगतो, ताईंच्या डब्याला कोर्टात उत्तर नाही. माझ्याकडे भावना दुखावल्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी विचारतो, तुमच्या घरातल्या जुन्या कॅलेंडरचं तुम्ही काय करता? बहुतेक जण गप्प बसतात.

---

जिन्यातली_फरशी

वकीलसाहेबांनी थुंकण्याचा विषय काढला म्हणून लिहितो. आमच्या व्यापारी संकुलाच्या जिन्यात प्रत्येक वळणावर देवांच्या फरश्या होत्या. गणपती, साईबाबा, शेजारी क्रॉस, शेजारी काबा. गुटखा खाणारे निदान देवाला तरी भितील म्हणून. पहिले काही महिने जिना स्वच्छ राहिला. मग एक दिवस सकाळी शटर उघडायला गेलो तर गणपतीच्या पोटावरून लाल ओघळ खाली आलेला.

मी बादली आणली, पुसलं. फरशीच्या सांध्यात गेलेला लाल रंग निघेना. ब्रशनं घासत बसलो आणि मनात आलं, थुंकणाऱ्यानं पाप केलं खरं, पण देवाला थुंकायच्या जागेवर पहारा द्यायला उभं कुणी केलं? आम्ही. वर्गणी काढून. मी सोसायटीत विषय मांडला. दोन बैठका वादातच गेल्या, पण सगळ्या धर्मांच्या फरश्या मिस्त्रीकडून अखंड काढून घेतल्या. आता तिथं मोठा दिवा आहे आणि वळणावर वाळूची बादली. अधूनमधून कुणी थुंकतं. पुसताना हात मात्र थरथरत नाही.

---

श्टुटगार्टहून

मूळची अनगोळची. छापखानावाल्या काकांनी स्वस्तिक सुचवलंय, त्यावरून इकडची गोष्ट.

मुलाच्या बारशाला आई बेळगावहून आली. पहाटे उठून तिनं दाराबाहेर जिन्यात रांगोळी काढली: मधोमध स्वस्तिक, चार ठिपके, कडेनं हळदीकुंकू. मी झोपलेली. समोरच्या दारातल्या आजी नव्वदीच्या, एकट्या राहतात. त्यांनी दार उघडलं, बघितलं आणि बंद केलं. नंतर त्यांच्या मुलीनं मला सांगितलं, आई दिवसभर बाहेर आली नाही.

नाझी पक्षानं ते चिन्ह १९२० मध्ये आपल्या झेंड्यावर घेतलं, १९३५ मध्ये तोच देशाचा झेंडा झाला. त्याला इकडे हाकेनक्रॉइत्स म्हणतात, म्हणजे हुकासारख्या वाकड्या टोकांचा क्रॉस. त्यांचं बहुतेक वेळा पंचेचाळीस अंशांत तिरपं, आपलं सरळ बसलेलं, ठिपक्यांचं. पण ज्या बाईनं ते चिन्ह दंडावर बांधलेली माणसं लहानपणी दारात बघितली, तिला मी अंश मोजायला सांगू? जर्मनीत त्या पक्षाची चिन्हं जाहीरपणे दाखवायला फौजदारी कायद्याच्या कलम ८६अ खाली बंदी आहे. २००७ मध्ये जर्मनीनं सगळ्या युरोपात स्वस्तिकबंदी आणायचा विचार मांडला होता, तेव्हा हिंदू संघटनांनी आपली बाजू समजावली आणि ते मागं पडलं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं २०२२ मध्ये नाझी चिन्हावर बंदीचा कायदा केला, त्यात हिंदू, बौद्ध आणि जैनांच्या वापराला सूट लिहून ठेवली. म्हणजे फरक कळायला लागलाय.

आईला सगळं सांगितल्यावर ती खूप वेळ गप्प होती. मला वाटलं, रागावेल. ती म्हणाली, "अगं, स्वस्तिक म्हणजे 'चांगलं असो'. ज्याला बघून म्हातारी बाई दिवसभर घरात बसते, ते तिच्या दारात चांगलं कसं होईल?" तिनं ओल्या फडक्यानं जिना पुसला. बाहेर लक्ष्मीची पावलं काढली आणि स्वस्तिक आत देवघरापुढं. संध्याकाळी बारशाच्या घुगऱ्या घेऊन ती स्वतः समोर गेली. भाषा येत नाही. दोघी अर्धा तास बसल्या होत्या.

खानापुरात ही अडचण नाही, तिथं स्वस्तिक काढाच. मी एवढ्यासाठी लिहिलं की चिन्ह दाखवताना समोर कोण आहे ते बघणं, हे मला आईकडून कळलं, कुठल्या कायद्याकडून नव्हे.

---

हिंडलगेकर

श्टुटगार्टच्या ताई, तुमच्या आईंनी केलं ते बरोबर केलं. माझा मुद्दा मी सोडत नाही, पण ते बरोबर होतं.

---

गुरवाघरचा

आमच्या घराण्यात देवाची पूजाअर्चा आहे म्हणून डब्याबद्दल लिहितो.

प्राणप्रतिष्ठा झाल्याशिवाय मूर्तीत देवत्व मानत नाहीत. पत्रिकेवरच्या, पुड्यावरच्या चित्राची प्रतिष्ठा कधी झालेली नसते. म्हणून त्याला शास्त्रानं विसर्जनाची गरज नाही. हे झालं शास्त्र. आता तुमच्या आत्यांनी ज्या क्षणी ते चित्र गटारातून उचलून पुसलं त्या क्षणी त्यात काय आलं, हे मी सांगायला नको.

चतुर्थीचा गणपती बघा. मातीचा आणतो, प्राणप्रतिष्ठा करतो, आणि उत्तरपूजेला अक्षता टाकून म्हणतो 'पुनरागमनाय च'. मग मूर्ती जागेवरून हलवायची. जुन्या, भंगलेल्या मूर्तींसाठी अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा विधी आहे: लाकडाची अग्नीला द्यावी, दगडाची पाण्यात सोडावी. जो पदार्थ ज्यात मिसळतो त्यात तो द्यायचा. कागदाचं तेच करा. ज्या कागदावर प्लास्टिक नाही तो स्वच्छ पाण्यात भिजवा, लगदा होऊ द्या आणि झाडाच्या मुळाशी घाला, जिथं कुणाचा पाय पडणार नाही. तुळशीत नको, शाई असते. प्लास्टिकचं आवरण असलेलं जाळू नका, तो धूर होमाचा नव्हे. फ्रेम असेल तर काच आणि लाकूड वेगळं करा, ते देव नाहीत.

आधी हळदकुंकू वाहा, दोन अक्षता टाका, मनात म्हणा 'या आता'. तेवढं पुरतं.

---

बसवाचा_शेजारी (गोकाक)

माझ्या घरची भाषा कन्नड. शाळा मराठी झाली म्हणून इथं वाचतो, चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही लिंगायत. इष्टलिंग, म्हणजे ज्याचं त्याचं शिवाचं छोटं लिंग, गळ्यात, छातीशी, कपड्याच्या आत. चांदीच्या करडगीत, म्हणजे छोट्या डबीत, नाहीतर कापडात. दाखवायचं नसतं. पूजा करताना डाव्या तळहातावर घ्यायचं, त्याच्याकडे बघायचं, परत आत ठेवायचं. माझी बायको वीस वर्षं माझ्याबरोबर आहे, तिचं लिंग तिच्या हातावर, माझं माझ्या हातावर.

गुरवकाकांनी शेवटाचं लिहिलं म्हणून सांगतो. अप्पा गेले तेव्हा त्यांना बसवून समाधी दिली. इष्टलिंग त्यांच्या हातात ठेवलं. लहानपणी बांधलेलं ते लिंग, ते त्यांच्याबरोबर गेलं. ते कुणाच्या कपाटात राहिलं नाही, कुठं टाकावं हा प्रश्न आला नाही.

---

मलप्रभाकाठ

दोन दिवस नुसती वाचत होते. गोकाकच्या अण्णांनी लिहिलेलं वाचलं आणि मला माझ्या मनातलं नीट सापडलं.

मातीचा गणपती घरी येतो तेव्हाच तो कुठल्या दिवशी आणि कुठल्या पाण्यात जाणार हे ठरलेलं असतं. बेळगावात झेंडा चौकात १९०५ पासून सार्वजनिक गणपती बसतो असं सांगतात, एवढ्या मंडळांच्या मिरवणुका रात्रभर चालतात, पण शेवट ठरलेला: कपिलेश्वराचा तलाव. टाकाला शेवट नाही, तो लेकाकडून नातवाकडे जातो. इष्टलिंग माणसाबरोबर जातं. परडीवाली ताईंची यल्लम्मा त्यांच्या भिंतीच्या मातीसकट जपली गेली. आणि पत्रिकेवरचा गणपती? त्याला आणताना कुणीच विचार केलेला नाही. छापणाऱ्यानं नाही, वाटणाऱ्यानं नाही. घेणाऱ्याच्या गळ्यात तो येऊन पडतो आणि मग कुणी पिंपळाखाली ठेवतं, कुणी डब्यात, कुणी भजी बांधतं. बांधणाऱ्याला मी आता फारशी नावं ठेवत नाही. तो देव मी त्याच्या हातात न विचारता दिलेला असतो.

म्हणून चित्र नाही घालायचं, असं ठरवलं. नवऱ्याशी बोलले. त्यांचा चेहरा पडला. "माझ्या एकुलत्या एका मुलीची पत्रिका," एवढंच म्हणाले. त्यांचंही चुकीचं नाही, त्यांच्यासाठी तो गणपती म्हणजे लग्नावरचा हात. आत्यांनीच मार्ग काढला. त्यांचं ऐकून मीच गप्प झाले, पण ते काम झाल्यावर सांगते.

एक अडचण आहे. 'श्री रेणुका प्रसन्न' हे अक्षर तरी देवाचंच ना? आणि माझ्या दिराचं नाव विठ्ठल, व्याह्यांचं शिवानंद. कुठं थांबायचं?

---

चिकोडीचा_मास्तर

अक्का, माणसाच्या नावाला थांबवू नका, देवाचं नाव लेकराला ठेवायचं ते हाक मारताना तोंडी यावं म्हणूनच. पाटीवर 'श्री' काढून आपण शाळा सुरू केली आणि त्याच पाटीवर थुंकी लावून पुसलं. अक्षर पुसायचंच असतं. चित्राचं तसं नाही, चित्राला डोळे असतात. डोळ्यांवर पाय देता येत नाही. मी तिथं रेघ ओढतो, दुसरा कुणी आणखी अलीकडे ओढेल.

---

छापखाना_बेळगाव

ताई, मजकूर पाठवा. जाड हातकागदासारखा साधा कागद मिळतो, आवरण नसलेला. कडेला आंब्याच्या पानांचं तोरण एका हिरव्या रंगात घेऊ. फॉइलवाल्या कार्डापेक्षा स्वस्त पडेल. कन्नड मजकूर मात्र नीट तपासून द्या, मागच्या वेळी एका पत्रिकेत माझ्याकडून वेलांटी चुकली होती.

---

पिंपळपार

गुरवकाकांनी सांगितलं तसं आम्ही पाराजवळ सिमेंटची टाकी बांधायचं मनावर घेतलंय. पंचांशी बोललो. कागद भिजवायला एक, काचा-फ्रेमांना वेगळं पिंप. त्यावर मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहिणार: फोटो काचेतून काढून द्यावा. कुणाला असं काही चालवायचा अनुभव असेल तर सांगा, पाणी किती दिवसांनी बदलावं लागतं?

---

मलप्रभाकाठ

पिंपळपार दादा, आमचा अनुभव घ्या. परवा आत्यांनी डबा ओसरीवर पालथा केला. आम्ही दोघींनी आणि लेकीनं निवडायला घेतलं. पेपरातले, कॅलेंडरचे साधे कागद एकीकडे, चकचकीत दुसरीकडे. साधे कागद तांब्याच्या घंगाळात भिजत घातले, हळदकुंकू वाहिलं. पेपराचा कागद एका रात्रीत सुटला, कॅलेंडरला तीन दिवस लागले आणि रोज हातानं चोळावं लागलं. पाणी दुसऱ्या दिवशी बदललं, शाईनं काळं होतं. लगदा परड्यातल्या पारिजातकाच्या मुळाशी घातला. चोळताना विठोबाचा कागद हातातच विरघळला, आत्या म्हणाल्या, "गेला बघ पंढरीला."

चकचकीत गणपती अजून डब्यातच आहेत. त्यांना उत्तर सापडलेलं नाही. डबा अर्धा झालाय.

पत्रिका काल आल्या. तोरण छान उठलंय, वेलांट्या सगळ्या बरोबर आहेत. वरची मधली जागा मोकळी सोडायला सांगितलं होतं, ते आत्यांसाठी. त्यांनी नवऱ्याला समोर बसवलं, कुंकवाची वाटी दिली आणि म्हणाल्या, "तुला गणपती पाहिजे ना लेकीच्या डोक्यावर? मग तूच ठेव." आठशेच्या आठशे पत्रिकांवर त्यांनी अनामिकेनं कुंकवाचं बोट टेकवलं. रात्री साडेअकरा वाजले. बोट लाल झालं होतं, सकाळपर्यंत गेलं नव्हतं.

पहिली पत्रिका सौंदत्तीच्या यल्लम्माला. मंगळवारी आत्या स्वतः घेऊन जाणार आहेत. दुसरी, परडीवाली ताईंची हरकत नसेल तर, त्यांच्या भिंतीवरच्या यल्लम्माला पाठवायची आहे. पत्ता इथं लिहू नका, मला खाजगी निरोपात कळवा.